एर्माचा सहावा पडदा

"गेलास त्याच दिवशी तू मला मेलास. आता दारात उभा राहून काय बघतोस? आत ये, नाहीतर परत जा."

सांतान बाहेर बालकावातल्या, पुढच्या ओसरीवरच्या दगडी बाकावर बसून पायाची नखं कापत होता. त्याने कात्री खाली ठेवली. आत त्याची बायको एर्मेलिंदा विळीवर बसून नारळ खवत होती आणि तिच्याशिवाय स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पुढचं वाक्य तिने जाड, पुरुषी आवाजात म्हटलं, मग पुन्हा बाईच्या. सांतानने चपला चढवल्या आणि तो तडक उतारावरच्या ताव्हेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, जाऊन बसला. दुपारी जेवायला परतला तेव्हाही तोंड पाडूनच.

"कढी खारट झालीय?" एर्माने विचारलं.

"नाही."

"मग काय झालंय?"

"मी काय हौसेने गेलो होतो बोटीवर?"

एर्माला कळायला जरा वेळ लागला. "ते दुसऱ्या पडद्यातल्या बाईचं वाक्य आहे," ती म्हणाली. "पण तुला बसत असेल तर ठेवून घे."

हे सगळं तिनेच मला कुंपणापाशी येऊन सांगितलं. मी तिची शेजारीण. लग्न करून या गावात आले त्याला खूप वर्षं झाली. इथल्या शाळेत मराठी शिकवते म्हणून आमची वाडी, म्हणजे सगळा खुर्साभाट, मला टीचर म्हणतो. एर्मासुद्धा, आणि तिला माझ्याकडून काही शिकायचं नसतं.

आमच्या भाटात एक खुरीस, म्हणजे क्रूस, आहे; त्याचं फेस्त मे महिन्यात असतं. लादाईनची प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटून झाले, की मांडवात भाटाचं स्वतःचं तियात्र, गाण्यांसकट कोंकणी नाटक. नट भाटातले, वाजवणारे भाटातले आणि लिहिणारी एर्मा. पूर्वी पास्कोल लिहायचा. एर्मा तेव्हा पडद्याआड बसून विसरलेली वाक्यं सांगायची. एका वर्षी पास्कोलला इंग्लंडचे कागद मिळाले आणि तियात्र अर्धवट टाकून तो विमानात बसला. कपडे शिवून झाले होते, मांडवाला विसार दिलेला होता. सगळ्यांची वाक्यं पाठ असलेली ती एकटीच, म्हणून उरलेलं तिने लिहिलं. दुसऱ्या वर्षी लिहिशील का म्हणून कुणी विचारलंच नाही. कधी देतेस, एवढंच विचारलं.

तिचा धंदा लग्नातल्या गोडाचा. दोस, दोदोल, बोल. नाताळापासून घरात कढई चुलीवरून उतरत नाही. राखेच्या बुधवारी लग्नं थांबतात ती ईस्टरपर्यंत, आणि तेवढाच काळ तिला मिळतो. उपासाच्या या चाळीस दिवसांत, चाळिसात, लोक मांस सोडतात, दारू सोडतात. "मी दोस सोडते आणि तियात्र धरते," ती म्हणते. पडद्यांच्या मधली कांतारं मात्र ईस्टर झाल्यावर, कारण उपासाच्या दिवसांत घरात गाणं म्हटलेलं तिच्या सासूला खपत नाही.

यंदाच्या चाळिसात सांतान घरी होता. आधी तो वर्षातून दोन महिने यायचा, पाहुण्यासारखा. आता कायमचा आला होता. मोठ्या प्रवासी बोटीचं कोठार त्याच्या ताब्यात असायचं. तिथे माणसाला रिकामं बसू देत नाहीत, त्यामुळे त्याला रिकामं बसायची सवयच नव्हती. आल्याआल्या त्याने पावसाआधी छप्पर दुरुस्त करायला काढलं. हुलगप्पा मेस्त आणि त्याचे गडी कौलं उतरवायला लागले. त्यांचा सकाळचा चहा, अकराची पेज, दुपारचं जेवण, पुन्हा चहा. एर्माच्या वहीवर वाशांचा भुसा पडायचा. म्हाताऱ्या सासूची खाट छप्पर असेल त्या खोलीत न्यायची आणि तिच्या खाटेमागून डबे, बरण्या, देवाच्या तसबिरीही जायच्या.

तरी पाच पडदे, म्हणजे पाच प्रवेश, झाले. सहावा अडला. बोटीवरून परत आलेला नवरा, जुआंव, एकदाचा घरात शिरला होता आणि तिथेच नुसता उभा होता.

त्या शुक्रवारी खुर्साच्या वाटेची प्रार्थना संपली. सगळे कपेलच्या पायऱ्यांवर रेंगाळले होते. आनाक्लेत, म्हणजे आमच्या फेस्ताच्या समितीचा अध्यक्ष, हात जोडून एर्मापुढे आला. तो हात जोडून आला की काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो.

"एर्मा, फार दमतेस म्हणे तू. आम्ही ठरवलंय, यंदा मडगावहून कंपनी आणायची. तू मस्त साडी नेसून पुढच्या खुर्चीत बस आणि बघ."

"मी दमते हे कोण म्हणालं?"

सगळ्यांनी सांतानकडे पाहिलं. चाळीस दिवस दारू सोडल्यामुळे तो ताव्हेर्नात लिंबूसोडा पीत बसायचा आणि सोडा पिणाऱ्या माणसाला बोलायला फार वेळ असतो.

"दमते," एर्मा म्हणाली. "बरं, मग?"

"मग विश्रांती घे गो," जासिंता म्हणाली. ती पंचायतीत कारकून आहे आणि दर वर्षी तियात्रात आईचं काम करते. "माणसानं किती करायचं? यंदा तर घराला छप्परसुद्धा नाही."

सगळे माना डोलवायला लागले. सगळे मनापासून बोलत होते, हीच पंचाईत होती. पलीकडच्या भाटाने असंच एकदा दमल्यामुळे बाहेरची कंपनी आणली होती. तेव्हापासून त्या भाटातली माणसं फेस्ताला खुर्च्या मांडतात आणि उचलतात, एवढंच.

एर्माने डोक्यावरची ओढणी काढून नीट घडी केली. "मला विश्रांती द्यायला एवढीजणं मोकळी आहेत हे मला माहीतच नव्हतं. तर त्यातल्या दोघांनी उद्या सकाळी गड्यांच्या जेवणाचे नारळ खवायला या. जासिंता, तुला शनिवारची सुट्टी असते. टीचर, तुम्हालाही असते. आणि आनाक्लेत, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिसा झाली की सगळं तियात्र तुझ्या हातात देते. नाही दिलं तर आण तुझी कंपनी. मी साडी नेसून बसते."

घरी येताना ती आणि सांतान माझ्या पुढे चालत होते.

"मी तुझ्या भल्यासाठीच बोललो," सांतान म्हणाला.

"माहीत आहे. वाईटासाठी बोलला असतास तर सोपं गेलं असतं."

"आता मी आलोय ना? दोन माणसांना पुरेल एवढं आहे माझ्याकडे. कशाला जिवाला ताप?"

"पैशासाठी मी दोस करते. तो सोड म्हणालास तर विचार करीन."



शनिवारी सकाळी मी आणि जासिंता विळ्या घेऊन बसलो. एर्मा टेबलापाशी वही उघडून बसली होती आणि डोक्यावर अर्धं आकाश. वाशांवर हुलगप्पा मेस्त पाय सोडून बसला होता.

"तुला सुचतं तरी कसं या गोंधळात?" जासिंताने विचारलं.

"सुचायची वाट कोण बघतं? माझा नियम आहे. रोज एकजण तरी आत आला पाहिजे नाहीतर बाहेर गेला पाहिजे. तेवढं लिहिलं की वही मिटायची."

"आणि आत येऊन तो काय बोलतो?"

"ते उद्या. आला की रात्रभर तो माझ्या डोक्यात उभाच असतो, सकाळी आपोआप तोंड उघडतो."

"मग हा जुआंव?"

"हाच मेला आठवडाभर तोंड उघडत नाही."

वरून हुलगप्पाने हाक मारली, "अम्मा, चहा!"

एर्मा सवयीने अर्धी उठली. मग खाली बसली. "सांतान! चहा टाक त्यांना."

सांतान आला. "मी?"

"बोटीवर किती माणसांचा चहा निघायचा तुझ्या कोठारातून?"

सांतान स्वयंपाकघरात गेला. दार उघडं होतं, आम्हा तिघींना तो समोर दिसत होता. चूल पेटली, पाणी ठेवलं, चहाची पूड सापडली. मग त्याने भिंतीतलं कपाट उघडलं आणि तिथे उभा राहिला. मिटलं. दुसरं उघडलं. एक डबा काढला, बोट घालून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. मीठ. तिसऱ्या डब्यात चण्याची डाळ. मग शिंक्याखालची बरणी, मग खिडकीतला पितळी डबा, त्यात बटणं. एकेक झाकण तो हळूच लावत होता, आवाज होऊ नये म्हणून. विचारत मात्र नव्हता.

जासिंता सांगायला उठली. एर्माने तिचं मनगट पकडलं.

"अगो, साखर त्या—"

"गप बस."

"पाणी आटेल गो."

"आटू दे." एर्माची नजर सांतानवरून हलत नव्हती. उजव्या हातात पेन्सिल होती आणि ती वहीकडे न बघता लिहीत होती.

सांतान पुन्हा पहिल्या कपाटाशी आला. उघडून पुन्हा तसाच उभा. आता आमचे विळीवरचे हातही थांबले होते. तेवढ्यात वरून, उघड्या छपरातून, हुलगप्पाचा आवाज आला.

"पात्रांव, साखर म्हातारीच्या खाटेखाली! निळा डबा!"

इतके दिवस वर बसून त्याला एर्माचं सगळं स्वयंपाकघर पाठ झालं होतं.

सांतानने वर बघितलं. मग तो सासूच्या, म्हणजे स्वतःच्या आईच्या खोलीत गेला, निळा डबा घेऊन आला, चहा केला आणि गड्यांचे पेले शिडीवरून एकेक वर पोचवले. मग आमच्यासमोर येऊन उभा राहिला. डबा अजून हातात होता.

"हसू नका," तो म्हणाला.

कुणी हसत नव्हतं. एर्मा लिहीत होती.

"हे तू तियात्रात घालणार?"

"घालणार."

"लोक हसतील."

"आधी हसतील. दुसऱ्या कपाटाला जरा जास्त हसतील. तिसऱ्याला त्यांना कळेल की हा विचारत का नाही, आणि मग मांडव गप्प होईल. तो गप्प झालेला मला हवाय."

सांतान खुर्ची ओढून बसला. बराच वेळ डब्याचं झाकण काढत आणि लावत होता. मला वाटलं, आता उठून ताव्हेर्नात जाईल.

"माझं काम कोण करणार?"

"तुझं नाही. जुआंवचं. फोर्तुनात करतो."

"फोर्तुनात!" सांतानने डबा टेबलावर आपटला. "त्याची बायको सकाळभर मासळीबाजारात असते. त्याला घरातली सुईसुद्धा सापडते. तो एक कपाट उघडेल की लगेच दुसऱ्याकडे पळेल. तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"

"पहिलं कपाट उघडलं की माणूस थांबतो. कारण ती तिथेच असते. म्हणजे असायची. त्या कपाटात, वरच्या खणात, काचेच्या बरणीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथेच होती." त्याने डबा पुन्हा जवळ ओढला. "बोटीवर दिवे गेले तरी मी हात घालून दालचिनी काढून देत होतो. एर्मा, ती बरणी कधी फुटली?"

"आपल्या धाकट्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी."

"मला सांगितलं नाहीस."

"तू फोनवर हवा कशी आहे विचारायचास. बरणीचं कुठे सांगू?"

जासिंताने डोळ्यांना पदर लावला. ती आईचं काम करते, तिला लवकर रडू येतं. एर्माने पेन्सिल उचलली. "परत म्हण. तिथेच असते, म्हणजे असायची. त्यापुढचं."

सांतानने परत म्हटलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने आणि बरंच बरं म्हटलं. संध्याकाळी तो फोर्तुनातकडे गेला आणि त्याला त्याच्याच घरातल्या कपाटापुढे उभं करून कसं थांबायचं ते शिकवू लागला. फोर्तुनातची बायको म्हणाली, नवरा बोटीवरून आला म्हणजे गावाला काम लागतं.

सहावा पडदा पुढच्या तीन-चार दिवसांत झाला. सातवा तिने एका बैठकीत लिहिला, मांडीवर तांदळाचं सूप ठेवून. आम्ही दोघी येत राहिलो. नंतर इतर नटही यायला लागले, कारण आधी आलेल्याला आधी वाक्य मिळतं असं एर्माने जाहीर केलं होतं. नारळ इतके खवले गेले की तिला शेजारी वाटावे लागले.

झावळ्यांच्या रविवारी मिसा संपल्यावर तिने वही आनाक्लेतच्या हातात दिली. त्याने तिथेच, कपेलच्या सावलीत उभं राहून शेवटची पानं चाळली. एका जागी तो हसला, मग हसायचा थांबला आणि तेच पान पुन्हा वाचलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "नाहीतर माझी पंचाईत होती. कंपनीला नको म्हणून कळवून मला आठवडा झाला."

"आठवडा? तेव्हा तर सहावाही झाला नव्हता."

"तुझा नवरा येऊन बसला होता. मी फोन करेपर्यंत उठायला तयार नाही. मी म्हटलं, अरे बाबा, तिचं नाही झालं तर फेस्ताला मी काय दाखवू? तर म्हणतो, होणार. म्हणतो, घरात पाणी आटलं तरी जी बाई उठत नाही, तिचं कसं नाही होणार?"

एर्माने मागे वळून पाहिलं. सांतान म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसून माडाच्या पातीचा खुरीस विणत होता आणि मुद्दाम या बाजूला बघत नव्हता.

"कांतारं अजून व्हायची आहेत," ती आनाक्लेतला म्हणाली. "ईस्टरच्या सोमवारी संध्याकाळी ट्रंपेटवाल्याला माझ्याकडे पाठव. त्यानंतरच्या शनिवारी तालीम नको. मला दोन लग्नांचा दोस आहे."