बाकावरची दुसरी मुलगी

मॅट्रिकच्या वर्षी माझ्या शेजारी बसणारी मुलगी आंधळी होती. ती परीक्षेला बसणार नव्हती, हजेरीत तिचं नावही नव्हतं. मला शाळेत जाता यावं म्हणून ती रोज येऊन बसायची. नागपूरच्या कॉलेजात आल्यापासून हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. होस्टेलच्या मुली आपापल्या हायस्कूलच्या गोष्टी काढतात, गॅदरिंग, सहली, एखाद्या मास्तरांची नक्कल. माझी पाळी आली की मी म्हणते, आमचं गाव लहान, तिथे काही घडत नसे.

आमचं गाव वडसा. बाबा स्टेशनावर पॉइंट्समन आहेत, आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. क्वार्टरांच्या मागच्या गल्लीत तिचं घर. बाप नव्हता. माय मुरमुरे भाजायची आणि बाजारात पाटी घेऊन बसायची. घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ. आम्ही दोघी पहिलीपासून एकत्र शिकलो. हायस्कुलात गेलो तेव्हा बाकीच्या मुली एकेक करून घरी बसल्या आणि पोरांनी भरलेल्या वर्गात आम्ही दोघीच उरलो. दाराजवळचा एक बाक आमचा. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. मी अडले की भट्टीतला विझलेला कोळसा घेऊन ती सारवलेल्या जमिनीवर आकृती काढायची आणि मला कळेपर्यंत पुसून पुन्हा काढायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं.

दहावीची परीक्षा झाली, मॅट्रिकला एकच वर्ष उरलं आणि त्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. घराघरांच्या दारांना कडुनिंबाचे डहाळे लागले. आधी तिचा भाऊ पडला, मग ती. मला त्या गल्लीकडे जाऊ देत नव्हते. भाऊ गेला ते मला बाबांकडून कळलं. तिची बातमी कोणीच नीट सांगेना. बरी आहे म्हणायचे आणि विषय बदलायचे.

शेवटी आई मला घेऊन गेली. भट्टी थंड होती. ती भिंतीला टेकून बसली होती. चेहरा व्रणांनी भरलेला, आणि दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय. माझा आवाज ऐकून तिनं हात पुढे केला, पण मी होते त्याच्या दुसऱ्याच बाजूला. तिची माय आईला म्हणाली, "टोचणारा आला होता तवा मीच लपवलं दोघाइले. धानाच्या ढोलीत बसवलं आन वरून झाकण ठेवलं. म्हटलं, लेकराइले उगाच ताप येईन." कोणी विचारो न विचारो, जो येईल त्याला ती हेच सांगायची. मला लहानपणी रेल्वेच्या डॉक्टरनं देवीची लस टोचली होती. तो क्वार्टरांत आला तेव्हा बाबांनी मला हाताला धरून त्याच्यासमोर उभं केलं होतं. आम्हा दोघींत फरक पडला तो एवढाच.

पावसाळ्यात शाळा उघडली तेव्हा बाबा म्हणाले, आता पुरे. ते रागावून बोलले नाहीत. एवढ्या पोरांत एकटी मुलगी बसवली तर लोक बोलतील, उद्या स्थळ बघायला अडचण येईल, असं त्यांनी आईला समजावलं. मी रडले, जेवले नाही, पण त्यांचं मन बदललं नाही.

तिच्याकडे जाणं मात्र मी सोडलं नव्हतं. एका सकाळी तिनंच विचारलं, शाळेची घंटा रोज ऐकू येते, तू गेली काऊन नाईस. मी सांगितलं. ती सरकून माझ्याजवळ आली. मग म्हणाली, "तुह्या बाबाले दुसरी पोरगी पायजे ना? मी येईन. बाकावर बसाले नजर नाई लागत."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. संध्याकाळी ती माझा दंड धरून आमच्या क्वार्टरच्या दारात उभी राहिली आणि हेच बाबांना म्हणाली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांनी होकार दिला नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो तेव्हा ते ड्यूटीवर गेले होते.

हेडमास्तरांनी तिला बसू दिलं. पहिले काही दिवस पोरं दबून होती. तिच्या चेहऱ्याकडे कोणी सरळ बघत नसे. मग धीट झाली. एके दिवशी मी फळ्याजवळ गेले होते, उत्तर देऊन ती खाली बसत होती आणि मागच्यानं पायानं बाक ओढला. तिचं डोकं भिंतीवर आदळलं. वर्ग हसला आणि लगेच गप्प झाला. मास्तरांनी मागची पूर्ण रांग उभी करून छड्या मारल्या. वाटेत मी रडत होते. तिच्या कानामागून रक्त आलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं आणि मला म्हणाली, "घरी सांगू नको. दोघींचीबी शाळा बंद होईन." मी सांगितलं नाही.

पोरांपेक्षा तिला बाजारच्या बायांचा त्रास जास्त वाटायचा. मातामाय, म्हणजे देवी, हिच्या अंगात येऊन गेली म्हणून काही बाया रस्त्यात तिच्या पायावर तांदूळ वाहायच्या. तांदूळ पायावर पडले की ती पाय झटकून मागे सरायची. "मी मातामाय नोहो," असं एकदा तिनं एका म्हातारीला सांगितलं, तर म्हातारीनं अजूनच वाकून नमस्कार केला.

त्या वर्षी ती सगळं ऐकून शिकली. भूमितीच्या आकृत्या मी तिच्या तळहातावर बोटानं काढायची. संध्याकाळी भट्टीजवळ मी धडे मोठ्यानं वाचायची आणि तिची माय मुरमुऱ्यांच्या कढईतली रेती हलवता हलवता ऐकायची. पाठांतर तिचं माझ्याआधी व्हायचं. गणिताच्या मास्तरांनी हेडमास्तरांना विचारलं, हिला परीक्षेला बसवता येईल का. हेडमास्तरांनी दोघींना बोलावून सांगितलं की फळा न दिसणाऱ्या मुलीनं पेपर कसा लिहावा याची काही सोय त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाईट वाटत होतं. ती म्हणाली, मी तर नुसती बसाले येतो सर. बाहेर आल्यावर तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

मी चांद्याला जाऊन परीक्षा दिली. दुसऱ्या वर्गात पास झाले. बाबांनी स्टेशनावर पेढे वाटले. एक पेढा तिच्याकडे घेऊन गेले ते स्वतः. त्या गल्लीत मी त्यांना त्याआधी कधी जाताना पाहिलं नव्हतं. काय बोलले ते मला माहीत नाही. घरी येऊन आईला एवढंच म्हणाले की हिला आता नागपूरला पाठवायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. पोहोचल्या दिवशीच नवं इंग्रजीचं पुस्तक घेऊन तिच्याकडे धावले. ती सुपात तांदूळ घेऊन बोटांनी खडे वेचत होती. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग होते. मायचा खांदा धरला होता, म्हणून भट्टीचं कामही आता हिच्यावर आलं होतं. मी पुस्तक उघडलं. एक पान वाचून होतं न होतं तोच तिनं हात वर केला.

"नको वाचू," ती म्हणाली.

मी विचारलं, आवडलं नाही का.

"आवडलं. मंग ते डोक्यात फिरत राह्यते. मी कोणासंग बोलू?"

 पुस्तक मिटून मी तिच्यासमोर बसले आणि सुपातले खडे वेचायला लागले. तिनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, तू बोटानं नाई, पाहून वेचतेस, तुले वेळ लागते. आम्ही मग इकडचं तिकडचं बोललो. कॉलेजचं तिनं काहीच विचारलं नाही.

निघताना तिची माय दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "बाई, नागपूरले अशा पोरीइची शाळा असन तर पाह्य ना." तिनं मला बाई म्हटलं. ज्या घरात मी लहानपणापासून मुरमुरे खाल्ले, तिथे मी बाई झाले होते.

परत आल्यावर मी चौकशी केली. कॉलेजातल्या एका बाईंनी आंधळ्यांच्या शाळेचा पत्ता काढून दिला, एका रविवारी मी स्वतः जाऊन आले. तिथे अगदी लहान मुलांनाच घेतात. एवढी मोठी मुलगी, तीही मॅट्रिकपर्यंत शिकलेली, तिला आम्ही काय शिकवणार, असं तिथल्या गृहस्थांनी मला समजुतीनं सांगितलं.

संक्रांतीला मी घरी जाणार आहे. तिची माय स्टेशनावर येऊन बाबांना रोज विचारते म्हणे, मी कधी येणार. त्या मायलेकींना जाऊन काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.