आधी पाय, मग चेहरा

नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर एक माजी सैनिक वॉचमन आहे. नाव मी कधी विचारलं नाही. येणाऱ्याच्या चेहऱ्याआधी तो पायांकडे बघतो, याचा मला रागच यायचा. एकदा म्हणाला, "काकू, डावी चप्पल टाचेला झिजलीय. गुडघा दुखतो ना?"

दुखत होता! मी चाटच पडले.

"पलटणीचे आमचे मोठे साहेब लांबच्या मार्चनंतर जमिनीवर बसून एकेका जवानाचे पाय बघायचे," तो म्हणाला. "आमी लाजायचो. पण तोंड बोलतं 'ठीक हाय साब', पाय खोटं बोलत नाय."

नवी चप्पल मी आधी त्यालाच दाखवली.

परवा ते साहेब काठी टेकत त्याला भेटायला आले. कडक सलाम बघायला मिळणार म्हणून मी भाजीची पिशवी घेऊन थांबले. पण साहेबांच्या बुटाची नाडी सुटलेली दिसताच हा खाली बसून ती बांधायला लागला, आणि साहेब वरून विचारत होते, "तुझे मोजे कोरडे आहेत ना?"

सलाम राहिला, हे त्याला साहेबांची रिक्षा निघाल्यावर आठवलं. त्याने तो रिक्षाच्या पाठीला ठोकला. आतून काठी बाहेर आली आणि हलली.