मोरी हलली, सांगायचं राहिलं

तीन दिवसांपूर्वी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती आणि वामन मास्तर भाऊबिजेच्या दिवशीही तेच घेऊन बसले होते. त्यांच्या स्वतःच्या घरातली मोरी मागच्या महिन्यातच हलली होती. ते मात्र बहिणीला कळवायचं राहून गेलं.

ही थोरली बहीण म्हणजे बहादरपूरला दिलेल्या गोदाबाई. आई गेल्यापासून वर्षभर त्यांचा पाय सिंधीपुऱ्यातल्या माहेराला लागला नव्हता. उन्हातून आत आल्या तशी डोळ्यांपुढं अंधारी आली. पण जन्मल्या घरात डोळे हवेत कशाला? तांब्या उचलला, डाव्या कोपऱ्यात गेल्या आणि पायांवर भडाभडा पाणी ओतलं. तिथं आता भावजयीनं, निर्मलानं, पुरणाच्या मांड्यांसाठी मळलेल्या कणकेची परात ठेवली होती. परात गढूळ पाण्यानं भरली.

"असू द्या वन्सं, काही नाही झालं," निर्मला गोड हसली. वर नणंदेला खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला.

गोदाबाईंच्या काळजात चर्र झालं. असं गोड परक्या बाईशी बोलतात. आई असती तर तिनं सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मग आता या घरात आपण कोण?

"निर्मले," कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मले पाहुणी करू नको वं. आईसारखी चांगली बोल मले!"

निर्मलानं नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. मग मात्र तिला राहवेना. "बोलू? पहाटेपासून मळतेय ती कणीक! बघून तर पाय धुवायचे, वन्सं! लहान आहात का?"

गोदाबाईंना कोण आनंद झाला! पदर खोचून त्या खुर्चीवरून उठल्याच. दोघींनी नवी कणीक तिंबली, एकमेकींनी केलेल्या मांड्यांना नावं ठेवली आणि पोट दुखेस्तोवर हसल्या. ओवाळेपर्यंत दुपार टळली, मास्तर उपाशी.

निघताना निर्मला हट्टाला पेटली. "आज राहाच, वन्सं."

"नको वं. घरी जाते."

सगळेच थबकले. चाळीस वर्षं इथून निघताना त्या 'बहादरपूरला जाते' म्हणत आल्या होत्या. त्यांच्या तोंडी घर म्हणजे हे सिंधीपुऱ्यातलं. मास्तरांचे डोळे भरून आले. गोदाबाई स्वतःच्याच शब्दानं क्षणभर चकित झाल्या, आणि मग त्यांना भलतंच हलकं वाटलं.

"रडतो काय वेड्या?" भावाच्या पाठीत धपाटा घालत त्या म्हणाल्या. "तिकडं म्हैस खोळंबली असंल. माझ्याबिगर कोणाले हात लावू देते का ती?" आणि टांगेवाल्याला हाक मारायला स्वतःच रस्त्यावर गेल्या.