कंग्राळीचा बासूनवाला

कंग्राळीत शामूला कुणी नुसतं शामू म्हणत नव्हतं. बासूनवाला शामू. बैल घेऊन रानात निघाला तरी बासूनवाला, नदीवर म्हशी धूत बसला तरी बासूनवालाच. आणि ते नाव कानावर पडलं की हा खाली मान घालायचा. लोकांना वाटायचं, किती साधा माणूस बघा, गोऱ्या साहेबांसमोर वाजवून आला पण गर्व म्हणून नाही.

गर्व कसला डोंबलाचा.

त्याचं असं झालं. शामू विशीत पलटणीत भरती झाला, बेळगावच्या कॅम्पातच. छाती रुंद, दम दांडगा, म्हणून त्याला बँडात घातला. बँडमास्तर गोव्याकडचा. त्यानं ह्याच्या हातात बासून नावाचं एक विलायती वाद्य दिलं, काळपट लाकडाचं, उभं केलं तर छातीपर्यंत येईल एवढं लांब, वरनं एक वाकडी नळी निघालेली आणि नळीच्या टोकाला बोरूची दोन पानं एकत्र बांधून केलेली पात. ती पात ओठात धरून फुंकायची. आवाज निघतो तो जाड, खोल, एखादा म्हातारा पोटातनं हसावा तसा. आणि वाजवणारा जाणता असला तर तोच म्हातारा एकटा बसून रडतोय असं वाटतं.

शामूला पहिले दोन महिने त्यातनं नुसती म्हैस ओरडल्यासारखं निघायचं. सगळा बँड हसायचा. त्याला वाजवायला शिकवलं मष्णूनं, बँडातल्या दुसऱ्या बासूनवाल्यानं.

मष्णू निपाणीचा, वाजंत्र्याच्या घरचा. बाप, आजा, सगळे लग्नात सनई वाजवणारे. सनईलाही पात असते, तीही ओठातच धरायची, त्यामुळं बासून म्हणजे आपल्या सनईचा थोरला चुलता, असं मष्णू म्हणायचा. त्याची जेवायची पंगत वेगळी, झोपायची जागा बराकीच्या दुसऱ्या टोकाला. पण सरावाला दोघं मांडीला मांडी लावून. कोरडी पात वाजत नाही, आधी तोंडात धरून भिजवावी लागते. शामूची पात रुसली की मष्णू आपल्या तोंडातली काढून सरळ पुढं करायचा, "धर शाम्या, ही चांगली बोलतीया." आणि शामू घ्यायचा. घरी आईनं मष्णूला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, आणि इथं हा त्याची उष्टी पात तोंडात घालत होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. खरंच वाटत नव्हतं. तेच तर पुढं जन्मभर लागलं.

अडतीस साली कॅम्पाच्या मैदानावर मोठा कार्यक्रम ठरला. पलटणीचा बँड आणि चर्चमधली व्हायोलिनवाली गोरी माणसं मिळून ऑर्केस्ट्रा. मास्तरनं त्यात बासूनचा सोलो ठेवला, म्हणजे बाकी सगळे मागं हळू वाजवणार आणि एकच माणूस पुढं उभा राहून चाल वाजवणार. तो मान मष्णूचाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मष्णूनंच तो सोडला. शाम्याचं लगीन जुळतंय, होणारा सासरा बघायला येणार, त्याला द्या, असं तो मास्तरला सांगून आला. शामूला तर कळलंसुद्धा दुसऱ्याकडनं. त्यानं विचारलं तर मष्णू म्हणाला, तुझ्या मागंच बसणार हाय की मी, जातोय कुठं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पुढं खुर्च्यांवर साहेब-मडमा आणि बाजूला दोरीपलीकडं आपली माणसं. कंग्राळीची निम्मी भावकी आलेली. सगळ्यात पुढं शामूचे आप्पा आणि त्यांच्या शेजारी काकतीचा भावकू पाटील, त्याची पोरगी बाळाबाई शामूला द्यायची बोलणी चालू होती. आप्पांना बघून शामूला राहवलं नाही. गळ्यात बासून तसाच अडकवलेला, तसाच दोरीजवळ जाऊन वाकला, आधी आप्पांच्या पाया पडला, मग पाटलाच्या.

परत जागेवर येऊन पात तोंडात घेतली तेव्हा जिभेला टोचलं. वाकताना दोरीच्या खांबाला आपटून टोकाला उभी चिरली होती. दुसऱ्या पाती बराकीत. मास्तरनं काठी उचललेली.

मष्णूनं बघितलं. काही न विचारता त्यानं आपल्या बासूनची पात काढली, ओली, तयार, आणि हात पुढं केला. "शाम्या, घे. बिगीनं."

शामूचा हात उठलाही होता. आणि तेवढ्यात त्याला दिसलं की दोरीपलीकडनं आप्पा बघतायत, पाटील बघतोय, सगळी भावकी बघतीय.

"तुझी उष्टी पात घालू व्हय रं मी तोंडात?"

नुसतं नको म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हा बोलला ते दोरीपर्यंत ऐकू जाईल असं बोलला. पाटलानं मान डोलवली, पोरगा वळणाचा आहे म्हणून. मष्णूनं पात परत आपल्या नळीला लावली आणि समोर बघत बसला.

सोलो सुरू झाला. पहिल्या दोन ओळी चिरलेल्या पातीनं कशाबशा निभावल्या, आणि मग चिरेतनं नुसता वारा यायला लागला. शामूनं गाल फुगवले, डोळे बाहेर यायची पाळी, आवाज नाही. आणि आता सगळं मातीत जाणार, तेवढ्यात पाठीमागनं ती चाल कुणीतरी अलगद उचलली. जिथं सुटली होती तिथंच. मष्णू.

असं वाजवलं त्यानं की मडमा पंखे हलवायच्या थांबल्या.

आणि शामूनं काय करावं? गप उभं राहायचं, बाजूला व्हायचं, काहीही. तो बोटं हलवत राहिला. शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या तेव्हा कमरेत वाकून सलाम केला. मास्तर त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हता, पण दोरीपलीकडं कुणाला काय कळणार? आप्पा रडत होते.

लग्न झालं. मष्णू आला नाही, तसं बोलावलंही नव्हतं. वर्षाच्या आत तो पलटणीतनं नाव काढून निपाणीला गेला. जाताना बराकीत सगळ्यांना रामराम घातला, शामूलाही घातला, सगळ्यांइतकाच. शामूला परत कधी सोलो मिळाला नाही, त्यानं मागितलाही नाही. त्यानं बाळाबाईला एकदा खरं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "आता सांगतायसा व्हय? माझ्या बानं त्याच वाजवण्यावर मला दिलीया."

सत्तेचाळीस साली शामू गावी परतलेला. ऑगस्टात शाळेपुढं झेंडा लागला, पेढे वाटले, आणि लोक म्हणायला लागले, बासूनवाल्याचा सत्कार करा. शामू उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ते मी न्हाय वाजवलं. मष्णूनं वाजवलं. मी नुसती बोटं हलवली." मग आप्पाच हसले, ह्यो असाच, मोठेपणा कधी घेत न्हाय म्हणाले, आणि हार घातला गळ्यात. टाळ्या.

तुळशीचं लग्न झाल्यावर तो मोटारीनं निपाणीला गेला. मष्णू दारात बसून सनईची पात घासत होता. केस पांढरे झालेले. त्यानं वर बघितलं, ओळखलं, घोंगडं पुढं सरकवलं.

"या. बसा शामराव."

शामू वाटेत ठरवलेलं सगळं विसरला. गावात सांगितलं पण कुणाला पटत नाही, तू एकदा कंग्राळीला ये, तू सांगितलंस तर पटेल, असं काहीतरी तो बोलत सुटला.

"माझं कोण ऐकल तुमच्या गावात?" मष्णू म्हणाला. "आन वाजवल्याचं मला काय न्हाय हो. बँड पडू न्हाय म्हणून वाजवलं. त्याआधी जे बोललासा, ते बी तुमच्या गावानं ऐकलंय. ते मातुर सगळ्यांला पटलंय."

"चुकलं माझं."

"व्हय," मष्णू म्हणाला.

एवढंच. मग लग्नघरची माणसं बोलवायला आली, तो सनई काखेत मारून उठला. शामू मागनं चालत गेला. तंबाखूच्या वखारीशेजारी मांडव होता, मांडवाच्या बाहेर वाजंत्र्यांची जागा. शामू गर्दीत उभा राहून ऐकत राहिला, किती वेळ कुणास ठाऊक. शेवटी त्याला राहवेना. शेजारी फेटा बांधलेला कुणी पाहुणा उभा होता, त्याचा दंड धरून तो म्हणाला, "कोण वाजवतंय म्हाईत हाय? त्यो मष्णू हाय. मष्णू वाजवतोय."

पाहुण्यानं ह्याच्याकडं नवल वाटल्यागत बघितलं. "व्हय की," तो म्हणाला, "निपाणीत कुणाला म्हाईत न्हाय?" आणि दंड सोडवून घेऊन तो पंगतीकडं निघून गेला.