ताईची जड रॅकेट
सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आमच्या घराण्यात पहिलं रक्त टेनिसने सांडलं.

आज मुलीच्या नव्या रॅकेटच्या मुठीचा रबरी वास आला आणि मी मनाने थेट सदर बाजारातल्या लहानपणीच्या त्या खेळाच्या दुकानात पोचले. ताईला जड रॅकेटच हवी होती.

"काहून? पोरीच्या हाताला हलकीच बरी," बाबा अडून बसले होते.

दुकानदाराने विचारलं, "दीदी, खेलती कैसे हो?"

"अशी!" म्हणत ताईने जड रॅकेट डोक्यावरून फिरवली. ट्यूबलाइट फुटली, काचा बरसल्या आणि खाली येता येता रॅकेटने बाबांची भुवई फोडली.

ताईचं टेनिस संपलं, असं मला वाटलं. बाबांचे डोळे चमकत होते. ती चमक रागाची नव्हती, हे आज कळतं. रक्ताळलेला रुमाल दाबत ते ओरडले, "भैया, यही वाली बांध दो!"