टोपीसकट

गल्लीत तिला सगळे टोपीबाई म्हणत. आयुष्यभर तिने दुसरं काही केलंच नाही. साच्यावर वाफ धरायची, कापड ओढून बसवायचं, आतून पट्टी शिवायची, आणि दारातून येणाऱ्याचं डोकं नुसतं बघून ओळखायचं की याला कड रुंद लागणार. "जन्मभर लोकांना टोप्या घातल्या, पण फसवलं एकालाही नाही," हा तिचा ठरलेला विनोद. गिऱ्हाईक पहिल्यांदा ऐकून हसायचं तसं दहाव्यांदाही हसायचं, कारण ती स्वतःच आधी हसून मोकळी व्हायची.

नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा तिने दुकानाच्या मागच्या खोलीत वाढवला. पोर व्यवस्थित. चपला काढल्या तरी दोन्हींची टोकं एका रेषेत. शाळेत पोरं त्याला नेटका म्हणायची, ते नाव चिकटलं ते कायमचं. मोठा झाल्यावर तो दुसऱ्या शहरात कपड्यांच्या एका बड्या दुकानात लागला. काचेमागे पुतळे उभे करायचे आणि त्यांना नखशिखान्त सजवायचं, हे त्याचं काम. त्याची काच बघायला लोक रस्ता ओलांडून येतात, हे ऐकून टोपीबाईला कोण अभिमान वाटायचा!

पुढे वाफेने तिच्या बोटांचे सांधे धरले. सुई धरवेना, तेव्हा दुकानाला कुलूप लागलं. नेटका स्वतः न्यायला आला. "आई, खूप केलंस. आता आमच्याकडे चल."

सुनेने दार उघडलं. अंगात राखाडी ड्रेस, डोक्यावर राखाडी टोपी. टोपीबाईला आठवत होती ती लग्नातली सून. हसता हसता हिची टोपी पडली होती आणि ही तशीच, केस मोकळे सोडून, पुढचा तासभर नाचली होती. ही तीच का, असा तिला क्षणभर प्रश्न पडला.

"अगं, घरातही टोपी?"

"यांना पूर्ण पोशाख आवडतो," सून म्हणाली. बोलली सासूशी, पण बघत होती नवऱ्याकडे.

चहा झाल्यावर नेटक्याने आईला कपाट दाखवलं. आडव्या दांड्यावर ओळीने हँगर टांगलेले. ते त्याने स्वतःच बनवले होते. खांदे नेहमीचेच, लाकडी. पण आकड्याजवळून जाड तारेचा एक हात पुढे वळवून त्याच्या टोकाला लाकडाचा गोळा बसवला होता. गोळ्यावर टोपी, खाली ड्रेस, ड्रेसवर कोट, आणि कडेला हातमोज्यांसाठी चिमटे.

"दुकानात हंगाम संपला की कपडे एका खोलीत जायचे आणि टोप्या दुसरीकडे. पुढच्या वर्षी कशाला कशाचा पत्ता नसायचा," तो सांगत होता. "आता टोपीसकट सगळं एका जागी. मालक इतके खूश झाले की विचारू नकोस. मग म्हटलं, घरात का नको?"

टोपीबाईने गोळ्यावरून हात फिरवला. काम सुबक होतं, कुठे एक कुसळ नाही. "डोकं चाललं हो तुझं," ती कौतुकाने म्हणाली. पण मागे सरकून सगळी ओळ एकदम पाहिली, तेव्हा तिला वाटलं, आत बायका पाठमोऱ्या उभ्या आहेत आणि कुणी हाक मारायची वाट बघताहेत. तिने हसून दार लावून टाकलं.

पहिले काही दिवस बरे गेले. रोज सकाळी कामावर जायच्या आधी नेटका एक हँगर काढून कपाटाच्या दाराला अडकवायचा. सून तो उतरवायची आणि त्यावरचं सगळं अंगावर चढवायची. टोपीबाईला वाटलं, नवऱ्याला हौस आहे, बिघडलं कुठे? तिच्या नवऱ्याने तर जन्मात कधी तिच्या पदार्थालाही बरं म्हटलं नव्हतं.

एका दुपारी मरणाचं उकडत होतं. दोघी भाजी आणायला गेल्या आणि वाटेत सुनेने टोपी काढून पिशवीत कोंबली. येताना ती चक्क गुणगुणत होती. संध्याकाळी नेटका आला. हात धुतले, कपाटाशी गेला, टोपी उतरवून उलटी केली आणि आतल्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"आज घातली नाहीस."

"घातली होती की."

"पट्टी कोरडी आहे." आवाज अगदी मऊ. "मी रागावलो नाहीये. नुसतं विचारतोय."

टोपीबाईने मध्ये तोंड घातलं. "अरे, उकाड्याने जीव जात होता. मीच म्हटलं तिला, काढ म्हणून."

तो आईकडे बघून हसला. "तुला माहीत नाही आई. तू नवीन आहेस इथे."

घामाने पट्टी ओली होते, म्हणून ती बदलता येईल अशी शिवायची, हे त्याने लहानपणी टोपीबाईच्याच दुकानात पाहिलं होतं. त्या पट्टीवरून बायकोचा दिवस वाचायचं त्याने कुठून शिकून घेतलं, हे मात्र तिला उमजेना.

त्यानंतर तिचं लक्ष जायला लागलं. सुनेकडे सुटं असं काहीच नव्हतं. एक साधा पंचा नाही की जुना स्वेटर नाही.

"तुझी ती लाल लोकरीची टोपी होती ना गं, बहिणीने विणलेली?"

"होती. तिच्या जोडीला काही नव्हतं. जुळत नाही म्हणाले."

"आणि टेलिफोन कचेरीतली नोकरी?"

"तीही नाही जुळली." सून बटाटे सोलत होती. हात थांबला नाही. "मैत्रीण यायची एक. मोठ्याने बोलायची. मग बहिणीचीही पत्रं यायची बंद झाली. आई, ते कधी ओरडत नाहीत हो. हात तर कधीच उचलला नाही. कुणाला सांगू आणि काय सांगू?"

टोपीबाई सुरी घेऊन तिच्या शेजारी बसली आणि दोघींनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त बटाटे सोलले.

मग तिची स्वतःची जुनी टोपी खुंटीवरून नाहीशी झाली. जागी हँगर होता. तपकिरी ड्रेस, तपकिरी कोट, वर तपकिरी टोपी.

"आई, तुझाही संच केला," नेटका म्हणाला. "घालून तर बघ."

तिने घातली. टोपी बसली ती अशी, की करंगळीचं नखही आत जाऊ नये. आणि तिथेच टोपीबाई गारठली. डोकं बघून अंदाज येतो, पण तो अंदाजच. इतकं चपखल माप हवं तर फीत कपाळावरून, कानांच्या वरून मागे न्यावी लागते. मान उचलावी लागते.

"माप कधी घेतलंस रे?"

"दुपारी झोपली होतीस ना, रविवारी. उठवलं नाही मुद्दाम."

त्या दिवसापासून ती दुपारची आडवी व्हायचीच बंद झाली.

आणि एका संध्याकाळी त्याने कागदात गुंडाळलेली वस्तू आणून टेबलावर ठेवली. सुनेने कागद सोडला. आत हँगर होता, वीतभर रुंदीचा. तसाच तारेचा हात, तसाच गोळा, संत्र्याएवढा. सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," नेटका म्हणाला. "पण कंबरेचे टाके सैल केलेस ना, तेव्हाच कळलं. छान झालं. पहिल्यापासून सगळं नीट ठेवता येईल." त्याने तो इवलासा हँगर दांड्यावर, तिच्या कपड्यांच्या शेजारी अडकवला, जरा मागे जाऊन पाहिला आणि बोटभर डावीकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर टोपीबाई म्हणाली, "पोरी, बहीण कुठे असते तुझी?"

"लांब. बसने दिवसभराचा रस्ता. ते नवीन गावी गेलेत, तो पत्ता यांना नाही माहीत. पण मी गेले की लगेच कळेल ना आई. कपाट उघडलं की काय गेलंय ते एका नजरेत कळतं."

"मग टोपी न्यायचीच नाही. त्याची नजर पहिली टोप्यांवरच जाते."

वाट बघावी लागली ती दुकानातल्या काचेमागची सजावट बदलायच्या दिवसाची. त्या दिवशी काचेला आतून कागद चिकटवतात आणि नेटका त्यामागे सकाळपासून पुतळ्यांचे कपडे उतरवत असतो. बसस्थानकाचा रस्ता त्या दुकानावरूनच जात होता, दुसरा नव्हता. टोपीबाईने तिला हिरव्या संचातला ड्रेस दिला, त्यावर स्वतःचा तपकिरी कोट चढवला. डोक्याला काहीच नाही. सुनेने आरशात पाहिलं आणि तिला रडू फुटायच्या जागी हसू फुटलं. "किती विचित्र दिसतेय मी!"

"दिसू दे. चल."

रस्त्यात ऊन होतं, माणसं होती. दुकानाजवळ आल्या तेव्हा काचेवर कागद जसाच्या तसा होता. आतून तुकड्यातुकड्याने बोलण्याचा आवाज येत होता. तो पुतळ्यांशी बोलतोय की मदतनिसाशी, ते कळत नव्हतं. अर्धी काच ओलांडली आणि फर्र असा आवाज झाला. आतून कुणीतरी कागद ओढत होतं. वरून खाली, सरळ पट्टी.

"तू पुढे हो," टोपीबाई पुटपुटली. "मागे बघू नकोस. धावायचंही नाही."

आणि ती स्वतः वळून काचेला नाक लावून उभी राहिली. कागद खाली आला, आणि समोर नेटका. मध्ये फक्त काच. त्याने आईला पाहिलं, तिचं उघडं डोकं पाहिलं, विस्कटलेले पांढरे केस पाहिले, आणि बोटाने स्वतःच्या डोक्याकडे खूण केली. टोपी कुठे?

टोपीबाईने दोन्ही हात हलवून आतली सजावट वाखाणली, ये ये म्हणून त्याला बाहेर बोलावलं. तो आला. मग तिने हे काय, ते काय, ह्या पुतळीला उजव्या हाताची बोटं का नाहीत, असं विचारत त्याला इतका वेळ धरून ठेवला की आत मालक खाकरायला लागले. स्थानकावरून बस सुटल्याचा भोंगा ऐकू आला तेव्हा ती काचेखालच्या कट्ट्यावर टेकली. नेटक्यानेच हात दिला. "ऊन लागलं तुला," तो म्हणाला. "टोपी नाही ना, म्हणून."

संध्याकाळी घरी येऊन त्याने कपाट उघडलं. एकेक टोपी डोळ्यांनी टिपली. एकही कमी नव्हती.

"सगळ्या टोप्या इथेच आहेत," तो म्हणाला. "म्हणजे घरातच आहे ती."

तो खोल्याखोल्यांतून फिरला. हाक मारताना आवाज जराही चढला नाही. पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, मग परत कपाटाशी येऊन कपडे बाजूला सारून त्यामागे पाहिलं. टोपीबाई खुर्चीवर बसून होती.

शेवटी तो तिच्यासमोर बसला. "आई, तुला पत्ता माहीत आहे."

"नाही."

"बरं." त्याने तिच्यासाठी चहा केला. आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून गेला.

तिने ठरवलंच होतं, आपण इथे आहोत तोवर ह्याचा पाय इथून हलणार नाही. रोज तो तेच विचारायचा, रोज ती तेच सांगायची. पुढे दुकानातून त्याला काढलं. एका बाईला नुसता कोट हवा होता. टोपीशिवाय तो देणार नाही, असं म्हणून त्याने कोटाची बाही धरून ठेवली होती, सोडेचना. मग तो दिवसभर घरातच. खिडक्यांना आतून कागद लावले. टोपीबाई आत बसून पावलांच्या आवाजावरून ओळखायची की तो कपाटाशी आहे.

सुनेच्या बहिणीने वाट बघितली आणि तिच्याच्याने राहवेना. एका सकाळी ती नवऱ्याला आणि दिराला घेऊन ट्रकनेच दाराशी हजर झाली. नवरा ट्रक चालवायचा, माणूस दाराएवढा. नेटक्याने शांतपणे दार उघडलं. वादही घातला नाही. आई बाहेर निघाली तेव्हा फक्त तपकिरी टोपी पुढे केली.

"आई, टोपी."

"नको बाबा," ती म्हणाली. इतक्या महिन्यांनी उन्हात आल्यावर तिचे डोळे मिटत होते. त्याच्या गालाला हात लावावा असं तिला वाटलं, लावलाही. गाल गुळगुळीत होता, नुकतीच दाढी केलेला.

ट्रक सुरू झाला. तेवढ्यात तिने चालवणाऱ्याला विचारलं, "गाडी तुझी का रे?"

"छे हो, मालकाची. मागे फळीवर लिहिलंय की मोठ्या अक्षरांत. नाव, गाव, सगळं."

टोपीबाईने वळून मागे पाहिलं. नेटका रस्त्याच्या मधोमध उभा होता, टोपी हातात तशीच, आणि त्याचे ओठ हलत होते.

पोहोचल्यावर तिने आधी बाळही पाहिलं नाही. त्याने ट्रकवरचं नाव-गाव वाचलं असणार, हे सगळ्यांना सांगितलं. पोलिसांत वर्दी दिली, कड्या बदलल्या, बहिणीचा दीर तिथेच राहायला आला. मग तिने मुलगी मांडीवर घेतली. गुबगुबीत, केस उभे, आईसारखी मोठ्याने खिदळणारी. सून परत कामाला लागली आहे आणि घरी आली की तिचं बोलणं शेजारच्यांना ऐकू जातं.

अजून कुणी आलेलं नाही. टोपीबाईने आपली खुर्ची मात्र दारासमोर, रस्त्याकडे तोंड करून मांडली आहे. दुपारी सगळे लवंडतात तेव्हाही ती तिथेच बसलेली असते, जागी.