नळ कोरडे असताना

परवा गल्लीत कल्हईवाला आला आणि नवसागराच्या उग्र वासासरशी मला आमची प्रयोगशाळा आठवली. त्या दुष्काळात शहराच्या कडेनं नवनव्या इमारती उठत होत्या, नळ मात्र कोरडे. मी पीएचडीसाठी तशाच उग्र वासाचा अमोनिया घालून लोखंडाची चुंबकी पूड करत होते, शाईसारखी काळी, बारीक. ती डिस्टिल्ड वॉटरनं धुतली नाही तर सगळी मेहनत वाया जायची, आणि नेमकं ते पाणी करायचं यंत्रच फार पाणी खातं म्हणून विभागप्रमुखांनी बंद केलं. म्हणाले, "लोकांना प्यायला पाणी नाही, तुम्ही पूड धुताय? यंदा थांबा. लग्नाचं बघा." मी म्हणाले, "थांबणार नाही, सर. वाफ थंड करायचं पाणी मोरीत जातं, तेच मी फिरवून वापरीन." घरी आईनं कोरड्या कूलरचा पंप स्वतः काढून दिला. "घेऊन जा. मला शिकताना थांबवलं तसं तुला नाय थांबवू देणार." मी पिंपात घरचं पाणी ओतून यंत्राला पंप जोडला आणि ते चालू केलं. दिवसभर तेच पाणी फिरत राहिलं आणि चंबूत थेंबथेंब शुद्ध पाणी साठलं. संध्याकाळी सर पिंपात डोकावले. मी विचारलं, "पाणी कमी झालं का, सर?" त्यानंतर त्यांनी यंत्र पुन्हा बंद केलं नाही. आता माझे केस पिकलेत; तरी त्या दुष्काळाला मी माझं एकही वर्ष दिलं नाही, हे सांगताना मान ताठ होते.